कसाना वास?

जानेवारीत आम्ही नंदुरबारला मावशीकडे गेलो होतो. स्टेशनबाहेर रिक्षा केली. मावशीचं घर गावाच्या पार त्या टोकाला आणि वाटेत मिरचीच्या पथारी लागतात. ज्यांनी पाहिल्या नसतील त्यांना सांगते, शेतातून ओली लाल मिरची बाजारात येते, व्यापारी ती घेतात आणि गावाबाहेर मोकळ्या जागेवर वाळायला पसरतात. आपण गच्चीवर पसरतो तशी नाही हं, नजर जाईल तिथपर्यंत जमीन लाल. मधे मधे बाया बसलेल्या, डोक्याला-तोंडाला फडकं गुंडाळलेलं, नुसते डोळे दिसतात, आणि देठ खुडणं चाललेलं. मी फोटोसाठी मोबाईल काढला आणि तेवढ्यात नवऱ्याला पहिली शिंक आली. मग दुसरी. मग लेकीचा खोकला सुरू झाला, मग मी, मग तिघंही एकदम, डोळ्यातून पाणी, नाकातून पाणी, फोटो काही निघाला नाही. नवरा कोल्हापूरचा आहे हे इथं सांगायलाच हवं, कारण आमच्या घरात तिखट या विषयावर शेवटचा शब्द त्याचा असतो. असायचा.

रिक्षावाला आरशातून बघत निवांत हसत होता. त्याला काहीच होत नव्हतं.

मावशीने दार उघडलं तेव्हाही आम्ही खोकतच होतो. म्हटलं, मावशी, काय वास येऊ राहिला व तुमच्या गावात! तिने नाक वर करून दोनदा श्वास घेतला, इकडे तिकडे बघितलं, जणू घरात गॅस तर लीक नाही ना, आणि म्हणाली, "कसाना वास व माय? माले त काहीच येत नही."

खोटं बोलत नव्हती ती. तिला खरंच येत नव्हता.

मी अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवते, त्यामुळे असं काही झालं की माझ्या डोक्यात आपोआप फळा उभा राहतो. तर पहिली गोष्ट, ज्याला आपण मिरचीचा वास म्हणतो त्यातला ठसका हा वासच नाही. नाकात दोन वेगळी खाती आहेत. वासाचं खातं वरच्या बाजूला, नाकाच्या छताशी, तिथं माणसाला वास टिपणारे साधारण ४०० प्रकारचे रिसेप्टर असतात. त्यांची जीन्स, म्हणजे जनुकं, लिंडा बक आणि रिचर्ड अॅक्सेल या दोघांनी १९९१ साली शोधून काढली आणि २००४ चं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं. ठसक्याचं खातं मात्र वेगळ्याच नसेकडे, चेहऱ्यावरचा चटका, टोचणं, गारवा नेणाऱ्या ट्रायजेमिनल नसेकडे. मिरचीच्या धुळीतलं कॅप्सेसिन नाकाच्या, घशाच्या ओल्या त्वचेवर बसतं आणि तिथल्या नसांच्या टोकावरचं एक दार उघडतं. टीआरपीव्ही-१ असं रुक्ष नाव आहे त्या दाराचं. १९९७ साली अमेरिकेत डेव्हिड ज्यूलियसच्या लॅबने ते शोधलं. कसं शोधलं ते मला फार आवडतं. ज्या पेशींना मिरचीचं काहीच वाटत नाही अशा पेशी घेतल्या, त्यांच्यात संवेदी नसांमधली जीन्स गठ्ठ्या-गठ्ठ्याने घालत गेले आणि वरून कॅप्सेसिन टाकून बघत बसले की कुणाला झोंबतं. शेवटी एका गठ्ठ्याला झोंबलं. २०२१ चं नोबेल ज्यूलियसला मिळालं, अर्डेम पॅटापूटियनबरोबर.

आणि गंमत पुढे आहे. ते दार मिरचीसाठी नाहीच मुळी. ते उष्णतेचं दार आहे, साधारण ४३ अंशाला उघडतं, म्हणजे भाजण्याचा धोका सुरू होतो तिथं. मिरची फक्त त्याला फसवते, म्हणून तिखट खाल्लं की तोंड खरोखर 'भाजतं' आणि घाम फुटतो. हे मी वर्गात सांगते तेव्हा पोरं नुसती लिहून घेतात, पण मावशीच्या घरी सांगितलं तर मावसभाऊ म्हणाला, ४३ अंश? आमच्याकडे मे महिन्यात त्याला संध्याकाळ म्हणतात.

पोपटाला मिरची झोंबत नाही ते यामुळेच. पक्ष्यांमध्येही हे दार आहे, उष्णतेला उघडतं, पण कॅप्सेसिनची किल्ली त्यांच्या कुलपाला लागत नाही. म्हणून पक्षी मजेत मिरच्या खातात आणि बिया लांब लांब टाकून येतात. ही पोपटाची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे नानांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, तोंडून परत येणार आहे.

मावशीचं काय मग? तर ते दार सारखं सारखं ठोठावत राहिलं की दमतं. कॅल्शियम आत शिरतं, दार मंदावतं, रोजच्या माऱ्याने नसांची टोकंसुद्धा प्रतिसाद द्यायचं कमी करतात, म्हणून तर कॅप्सेसिनचेच मलम दुखऱ्या सांध्यांना लावायला देतात. वासाच्या खात्याचंही तेच, एकच वास येत राहिला की काही मिनिटांत रिसेप्टर थंडावतात आणि वर मेंदू त्या वासाची फाईल बंद करून टाकतो. सवय झाली म्हणजे त्रास नाही असं मात्र मुळीच नाही, त्या बाया उगाच तोंडाला फडकं बांधून बसत नाहीत.

आपण समजतो की डोळे-कान-नाक म्हणजे खिडक्या, बाहेर जे आहे ते आत दिसतं. तसं नाहीये. ते वॉचमनसारखे आहेत, नवीन माणूस आला तरच फोन करतात. सोसायटीत कोण कोण राहतं याची यादी त्यांच्याकडे नसते.

डोळ्याचंच बघा. आपल्या डोळ्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशींच्या पुढे रक्तवाहिन्यांचं जाळं पसरलेलं असतं, म्हणजे आपण जन्मभर झाडाच्या फांद्यांमधून बघावं तसं जग बघत असतो. पण त्या फांद्यांची सावली कधी दिसत नाही कारण ती डोळ्याबरोबरच हलते, पडद्यावरची जागा सोडतच नाही. जे हलत नाही ते पुसलं जातं. म्हणून डोळा स्वतःच सतत बारीक बारीक थरथरत असतो, आपल्याला कळतही नाही, नाहीतर समोरची भिंतसुद्धा विरून गेली असती. ट्रॉक्सलर नावाच्या माणसाने १८०४ मध्येच लिहून ठेवलंय की एका बिंदूवर नजर रोखून धरली की कडेच्या गोष्टी हळूहळू नाहीशा होतात. करून बघा कधी, लेकीला करायला लावलं तर ती घाबरली होती.

आणि नुसता बदल असूनही चालत नाही, तो पुरेसा असावा लागतो. आमच्या रावेरच्या मामांचा केळीचा धंदा. लहानपणी आम्ही त्यांच्या वखारीत खेळायचो तेव्हा ते घड हातात धरून वजन सांगायचे, अठरा, बावीस, आणि काट्यावर जवळपास तेवढंच भरायचं. पण तेच मामा २० किलोच्या घडात एक केळं कमी-जास्त झालं तर सांगू शकायचे नाहीत. आणि मामी हातात भाजीची जुडी घेऊन म्हणायची हा भाजीवाला मारतो बरं का, आणि ते बरोबर निघायचं. एर्न्स्ट वेबर नावाच्या जर्मन प्राध्यापकाने १८३० च्या दशकात हेच मोजलं होतं, माणसांच्या हातात वजनं देऊन. आपल्याला किती फरक कळतो ते आधीच हातात किती आहे त्यावर ठरतं. पाव किलोवर ५० ग्रॅम लगेच कळतात, वीस किलोवर ते गायब. पुढे फेश्नरने १८६० मध्ये त्याचं गणित मांडलं. मामांना दोघंही माहिती नव्हते आणि त्यांचं काही अडलंही नाही.

थोडक्यात म्हणजे, तेच तेच असलं तर कळत नाही, आणि हळूहळू होत गेलं तरीही कळत नाही. हे मी गेली चौदा वर्षं दर जूनला शिकवतेय, आणि तरीही.

माझं माहेर भुसावळच्या अलीकडे, रेल्वे लाईनला लागून. लागून म्हणजे अंगणातून दगड मारला तर रुळावर पडेल. पाहुणे आले की पहिल्या रात्री कुणी झोपायचं नाही, मालगाडी जायला लागली की मांडणीवरची भांडी वाजायची आणि पाहुणे उठून बसायचे. आम्ही चार भावंडं ओळीने घोरत. २०२० च्या मार्चमध्ये पॅसेंजर गाड्या बंद झाल्या तेव्हा आईचा फोन आला, झोपच लागत नाही म्हणे, रात्री अडीचला खाडकन जाग येते. अडीचला काय असतं? अडीचला एक मेल जायची. ती जात नव्हती म्हणून आई उठत होती! झोपेतसुद्धा मेंदू वेळापत्रक मांडून बसलेला, आणि गाडी आली नाही हीच त्याच्यासाठी बातमी.

नानांची मात्र झोप त्या दिवसांत एकदम छान होती. तेव्हाच काय ते समजायला हवं होतं.

नाना जिनात फिटर होते. जिन म्हणजे कापसाची जिनिंग, दिवाळीनंतर सीझन सुरू झाला की उन्हाळ्यापर्यंत मशीनं बंद होत नाहीत. लहानपणी डबा द्यायला जायचे तेव्हा फाटकातूनच छातीत काहीतरी थडथडायला लागायचं, आत गेल्यावर नाना तोंड हलवताना दिसायचे, शब्द नाही, मग हाताने खूण, डबा तिकडे ठेव. कानात घालायचं काही मी कधी बघितलं नाही, तशी कल्पनाच नव्हती कुणाला, फार तर कापूस, तो तिथं भरपूर. संध्याकाळी घरी आले की पहिला तासभर मोठ्याने बोलायचे आणि आई म्हणायची हळू बोला हो, जिनात नाही तुम्ही.

असं एकतीस वर्षं.

मग रिटायर झाले आणि घरात तक्रारी सुरू झाल्या. आईची मुख्य तक्रार ही की यांना मित्रांचं सगळं ऐकू येतं, ओट्यावर पाटीलकाका काय बोलतात ते इथून कळतं, माझंच तेवढं येत नाही. ऐकायचंच नसतं म्हणे. भावाचं मत, नाना आता कशात लक्ष घालत नाहीत. माझं मत, वय झालं, थोडं उदास राहतात, पुस्तकं आणून देऊ. मी पुस्तकं आणून दिली! आणि लेक तर त्यांची गंमत करायची, ती म्हणायची नाना खीर हवी का, नाना म्हणायचे तीर? कसला तीर? आम्ही सगळे हसायचो, नानाही हसायचे. आता आठवलं की पोटात कसंतरी होतं. खीर, तीर, पीर, शीर. पुढचं अक्षर काढून टाका, सगळ्यांत एक 'ईर' उरतो. त्यांना तेवढाच येत होता, बाकीचं ते अंदाजाने भरत होते, किती वर्षं कुणास ठाऊक.

गेल्या वर्षी शेवटी जळगावला तपासणी केली. छोटी बंद खोली, कानाला हेडफोन, हातात बटण, आवाज आला की दाबायचं. मी काचेबाहेर बसून स्क्रीन बघत होते. खालच्या सुरांना नाना पटापट बटण दाबत होते, एकदम हुशार विद्यार्थ्यासारखे. मग सूर वर वर जायला लागले आणि नाना बटणावर अंगठा ठेवून तसेच बसून राहिले, चेहऱ्यावर काही नाही, वाट बघतायत. आवाज चालू होता. मला स्क्रीनवर दिसत होता. ते वाट बघत होते.

आलेख डावीकडे जरा ठीक आणि उजवीकडे धाडकन खाली, ४००० हर्ट्झच्या आसपास दरीच. कारखान्याच्या आवाजाने गेलेल्या कानाची ती सहीच असते. कानाच्या आत शंखासारखी गुंडाळी असते, तिच्यात केसाळ पेशींच्या रांगा, ऐकण्याचं मुख्य काम करणाऱ्या आतल्या रांगेत जेमतेम साडेतीन हजार. डोळ्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशी बारा कोटींच्या घरात आणि इथं साडेतीन हजार, एखाद्या मोठ्या गावची लोकसंख्यासुद्धा नाही. वरच्या सुरांच्या पेशी गुंडाळीच्या तोंडाशी असतात, दारातच, आणि मोठ्या आवाजात मार आधी त्यांनाच बसतो. स, श, ख, फ, थ असली अक्षरं तिथं ऐकू येतात. बायकांचे, लहान मुलांचे बारीक आवाज त्या बाजूला जास्त झुकलेले, पाटीलकाकांचा घोगरा आवाज इकडच्या बाजूला. म्हणजे आई म्हणत होती ते अक्षरशः खरं होतं, नानांना मित्रांचं ऐकू येत होतं आणि तिचंच येत नव्हतं. फक्त कारण वेगळं होतं. हे मी तिला घरी येऊन सांगितलं तेव्हा ती काही बोलली नाही, उठून नानांना चहा ठेवला.

डॉक्टर म्हणाले या पेशी एकदा गेल्या की माणसात परत येत नाहीत. मी म्हटलं पक्ष्यांमध्ये येतात ना, म्हणजे शिकवताना सांगते मी तसं, ते म्हणाले हो, पक्ष्यांमध्ये येतात. नाना आमच्या तोंडांकडे बघत होते, काय म्हणू राहिले विचारलं, मी कानाजवळ जाऊन सांगितलं. मिरचीचं त्यांना आधीच माहीत होतं, एकदा भरताच्या वेळी मी सांगितलं होतं. म्हणाले, "तिखट लागत नाही आणि कानही परत येता? मंग पोपटच व्हाले पाहिजे होतं भो."

मला वाईट कशाचं वाटलं सांगू का. नानांना ऐकू येत नाही याचं वाटलंच, पण जास्त याचं की नानांनासुद्धा ते माहीत नव्हतं. डोळ्यापुढे अंधार आला तर माणूस ओरडेल, पण इथं कधीच काही 'गेलं' नाही, एखाद्या वर्षी चिमण्यांचा आवाज जरा कमी, एखाद्या वर्षी कुकरची शिट्टी लांबून, दर वर्षी वीस किलोवर ५० ग्रॅम. आणि आमचंही तेच, आम्ही दर वर्षी जरा मोठ्याने बोलत गेलो, टीव्हीचा आवाज एक एक काडी वाढवत गेलो आणि आम्हाला वाटलं हाच आमच्या घराचा आवाज. मावशी म्हणते कसाना वास, आम्ही म्हणत होतो कसला बहिरेपणा.

कानाची मशीन घेतली. सगळ्यांना वाटलं चष्म्यासारखं असेल, घातलं की दिसलं. तीन दिवसांनी नानांनी काढून डबीत ठेवून दिली, "लई कालवा होतो". काय ऐकू येतं विचारलं तर म्हणे फ्रिज. पंख्याची किरकिर. पेपरचं पान उलटलं की कडकड, आईच्या बांगड्या, स्वतःच्या चपला. आपल्यालाही हे सगळं ऐकू येतंच की, फक्त आपला मेंदू ते कधीच फाईल बंद करून बसलाय. नानांच्या मेंदूला ते वीसेक वर्षांनी एकदम नवीन होतं, सगळंच बातमी, फ्रिजसुद्धा बातमी. डॉक्टर म्हणाले रोज थोडा थोडा वेळ घाला, काही आठवडे जातील. आता दुपारी घालतात, आई बोलायला बसते तेव्हा.

रात्री काढून ठेवतात. मे महिन्यात गेले होते तेव्हा आम्ही सगळे गच्चीवर झोपलो होतो, दिवसभर ४५-४६ चं ऊन पिऊन गच्चीची फरशी रात्री अकरालाही गरम, पाणी मारलं तरी वाफ येते. नाना त्या फरशीवर नुसती सतरंजी टाकून, गादी नको म्हणतात. एक हात फरशीवर पालथा. लेक त्यांच्या शेजारी, मी तिच्या पलीकडे. काहीच आवाज नव्हता, लांब कुठेतरी कुत्रं.

नाना म्हणाले, "मालगाडी येऊ राहिली."

मी कान दिला. काही नाही. लेक म्हणाली, नाही हो नाना, काहीच नाही. त्यांना अर्थात ते ऐकू गेलं नाही.

आपल्या तळहाताच्या कातडीखाली कांद्यासारखे पापुद्रे असलेले बारीक दाणे असतात, पाचिनी नावाच्या एका इटालियन माणसाने मेडिकलचा विद्यार्थी असतानाच ते पाहिले होते. हात नुसता टेकवून ठेवला तर ते काही सांगत नाहीत, पापुद्रे दाब रिचवून टाकतात. पण थरथर आली, एक मायक्रोमीटरच्याही आतली, की लगेच कळवतात. त्यांच्याहून वर, कातडीच्या अगदी जवळ, आणखी एक जात असते, ती जरा संथ थरथरीची. एकतीस वर्षं मशीनवर हात ठेवून बेअरिंग गेलंय का ते ओळखणारा माणूस, त्याचा हात.

लेकीनेही हात पालथा ठेवला. मीही ठेवला. फरशी गरम होती, बाकी काही नाही. मग कुठेतरी, हातात की मनात सांगता येणार नाही, अगदी बारीक काहीतरी, आणि त्यानंतर बऱ्याच वेळाने जळगावच्या बाजूने आवाज आला.

"रिकामी आहे," नाना म्हणाले आणि कूस बदलली.

डबे खडखडत गेले. खालच्या मांडणीवर भांडी वाजली. लेक उठून कठड्याशी गेली आणि डबे मोजत उभी राहिली, अठ्ठावन्न म्हणाली, मग म्हणाली, आई, पण रिकामी आहे हे कसं कळलं त्यांना? मी म्हटलं सकाळी मशीन घातली की विचार.